पांडवलेणी : जिथे अवघड शब्द सोपे होतात

नाशिकला येणाऱ्या कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी रामकुंडावर स्नान, मग काळाराम मंदिर आणि सीतागुंफा, दुपारी त्र्यंबकेश्वर आणि परतताना वेळ उरलाच तर पांडवलेणी. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत उभा असलेला हा डोंगर बसच्या खिडकीतूनही नजरेत भरतो. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक, त्याच्या शेजारी बुद्धविहाराचा मोठा घुमट आणि वर डोंगराच्या कमरेला पट्टा बांधावा तशी लेण्यांची रांग.

मुले पायऱ्या धावत चढतात. वडीलधारी माणसे मध्ये दोन-तीनदा दम खातात. वर पोचल्यावर गार वारा लागतो, खाली नाशिक पसरलेले दिसते आणि सगळ्यांचा शीण जातो. मग लेणी बघायला सुरुवात होते आणि तिथेच घोळ होतो. माहितीच्या फलकांवर शब्द असतात - चैत्यगृह, विहार, स्तूप, हीनयान, महायान, बोधिसत्त्व. एखादा शाळकरी मुलगा हमखास विचारतो, "बाबा, चैत्य म्हणजे काय हो?"

"बौद्धांचं देऊळ."

"आणि विहार?"

"तेही देऊळच की."

मुलाचे समाधान होत नाही आणि खरे तर बाबांचेही होत नाही. निर्वाण, अनात्म, प्रतीत्यसमुत्पाद असे शब्द आपण शाळेत परीक्षेपुरते पाठ केले आणि पेपर देऊन झाल्यावर विसरलो. ते आपल्याला पुस्तकात भेटले, म्हणून अवघड वाटले. पण या डोंगरावर तेच शब्द व्यवहारात भेटतात. कोळी, व्यापारी, राजाची आई, सेनापतीची बायको, परदेशातून आलेला माणूस अशा कितीतरी जणांनी आपल्या दानाचा हिशेब येथे दगडात कोरून ठेवला आहे. तो हिशेब वाचता वाचता शब्दांचे अर्थ आपोआप उलगडत जातात.

पांडव आले कुठून?

पांडवलेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. या डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. शिलालेखांतल्या प्राकृत भाषेत ते 'तिरण्हु' असे येते. इसवी सनापूर्वीच्या काळापासून पुढे काही शतके भिक्खूंसाठी येथे लेणी कोरली जात होती. आज २४ लेण्यांना क्रमांक दिलेले आहेत. २०२१ मध्ये डोंगरावर साफसफाई चालू असताना आणखी काही लेणी आढळली.

पुढे भिक्खू गेले, लिपी वाचणारे कोणी उरले नाही आणि लोकांना प्रश्न पडला की एवढे अचाट काम केले कोणी? माणसाच्या हातून न होणारे काम पांडवांच्या नावावर टाकायची आपल्याकडे रीतच आहे. तसे हे डोंगरही पांडवांच्या वाट्याला गेले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी येथील लेख वाचले. तेव्हा कुठे दगड पुन्हा बोलू लागले. ते बोलले ती भाषा मात्र फारशी परकी नव्हती.

ओळखीचे निघालेले शब्द

पहिला शब्द 'लेणे' हाच घ्या. शिलालेखांत तो 'लेण' असा आहे. संस्कृतात 'लयन' म्हणजे आसरा घेण्याची जागा. दोन हजार वर्षांत हा शब्द जवळजवळ आहे तसा आपल्या तोंडी राहिला.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ते कोरवले. त्याची पत्नी आणि नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने येथे आपल्या नावाने एक खोली दिली. लेखात त्या खोलीला शब्द आहे 'ओवरक'. देवळाच्या आवारातल्या ज्या खोल्यांना आपण 'ओवरी' म्हणतो, ती हीच. राजकन्येच्या दानाचा शब्द आजही पंढरपूरच्या वारकऱ्याला समजेल. दानशूर व्यापाऱ्यांना लेखांत 'सेठी' म्हटले आहे. आजचा 'शेठ' तो हाच. डोंगरातल्या पाण्याच्या टाक्याला शब्द आहे 'पोढी'. सह्याद्रीतल्या बहुतेक लेण्यांच्या लेखांत तो सापडतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. मधला मोठा मंडप आणि तिन्ही बाजूंना ओवऱ्या अशी रचना असली की तो विहार, म्हणजे भिक्खूंचे राहण्याचे ठिकाण. प्रत्येक ओवरीत झोपण्यापुरता दगडी ओटा. याउलट अठराव्या क्रमांकाचे लेणे लांबट, कमानदार छताचे आहे. दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि टोकाला दगडातच कोरलेला, उलट्या वाडग्यासारखा स्तूप. हे चैत्यगृह, म्हणजे एकत्र जमून वंदन करण्याची जागा. स्तूप हा मुळात थोरांच्या अस्थी किंवा रक्षा ठेवून त्यावर रचलेला ढीग. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अस्थींवर असे स्तूप उभे राहिले आणि पुढे स्तूप हीच बुद्धांची खूण झाली. या चैत्यगृहाच्या दारावरची कमान धंभिक नावाच्या गावच्या लोकांनी मिळून दिली, असे तिथेच लिहिले आहे. म्हणजे गावाने वर्गणी काढून केलेले काम!

दारावरच्या तीन खुणा

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचे प्रवेशद्वार नीट निरखून पाहावे. व्हरांड्याखाली बसकी माणसे जणू सगळे लेणे खांद्यावर तोलून धरत आहेत आणि दाराच्या माथ्यावर तीन खुणा आहेत - बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र. बुद्धांची मूर्ती मात्र नाही. त्या काळात बुद्ध अशा खुणांनीच दाखवले जात.

'बुद्ध' हे नाव नव्हे. नाव होते सिद्धार्थ गौतम. बुद्ध म्हणजे जागा झालेला. झोपेतून जागे झालेल्या माणसाला जसे खरे काय ते दिसते, तसे जीवन ज्याला जसेच्या तसे दिसले तो बुद्ध. तो देव नव्हे आणि देवाचा अवतारही नव्हे, मार्ग दाखवणारा माणूस. बोधिवृक्ष ही त्या जागे होण्याची खूण.

चक्र ही धर्माची खूण. सारनाथला बुद्धांनी पहिला उपदेश केला, त्याला धर्मचक्र-प्रवर्तन म्हणतात. धर्माचे चाक तेव्हा फिरू लागले. संस्कृतात 'धर्म', पालीत 'धम्म' आणि या लेण्यांच्या प्राकृतात 'धम'. कर्म-कम्म, निर्वाण-निब्बान, भिक्षु-भिक्खु या जोड्याही अशाच. फलकावर एक आणि पुस्तकात दुसरा शब्द दिसला तरी गोंधळून जायचे कारण नाही. येथे धम्म म्हणजे अर्जात 'धर्म' या रकान्यात लिहायची गोष्ट नव्हे. बुद्धांची शिकवण आणि त्या शिकवणुकीत सांगितलेला जगाचा नियम असे त्याचे दोन्ही अर्थ आहेत.

तिसरा शब्द संघ, म्हणजे भिक्खू आणि भिक्खुणींचा समुदाय. येथील लेखांत संघाला एक सुरेख विशेषण लावलेले आढळते - 'चातुर्दिश', चारही दिशांचा. लेणे दिले ते अमुक एका भिक्खूला नव्हे, चारी दिशांकडून येणाऱ्या सगळ्या संघाला. सतराव्या क्रमांकाचे लेणे देणारा इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडच्या दत्तामित्री नगराचा यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा. आपला मुलगा धर्मरक्षित याच्यासह त्याने लेणे, चैत्य आणि पाण्याची टाकी दिली. चारी दिशांच्या संघाला दान देणारेही चारी दिशांचे होते.

बुद्ध, धम्म आणि संघ ही तीन रत्ने. त्यांना शरण जाणे म्हणजे त्रिशरण. येथे 'शरण' म्हणजे हार पत्करणे नव्हे. पावसात सापडलेला वाटसरू जसा आसऱ्याला येतो, तसे येणे.

वीस भिक्खू, बारा नाणी

आता एक हिशेब. दहाव्या लेण्यातल्या लेखात उषवदात सांगतो की त्याने संघासाठी ३००० कहापण, म्हणजे कार्षापण नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली. नाशिकजवळ गोवर्धन नावाचे गाव आजही आहे. एका श्रेणीकडे २००० नाणी, दरमहा दर शेकडा एक नाणे व्याजाने. दुसरीकडे १००० नाणी, दरमहा दर शेकडा पाऊण नाणे व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या व्याजातून या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा नाणी आणि दुसऱ्यातून इतर खर्च.

शाळकरी मुलांना हे गणित जरूर घालावे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस नाणी आणि वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा नाणी, तेही २४०! हिशेब चोख जुळतो. या व्यवहाराची जाहीर घोषणा नगरसभेत झाली आणि दप्तरात नोंदही झाली, असे लेखात म्हटले आहे. अशा ठेवीला शब्द आहे 'अक्षयनीवी', न संपणारे भांडवल. बँकेतल्या मुदत ठेवीची ही पणजीच म्हणायची.

या एका लेखात तीन शब्द कळतात. चीवर म्हणजे भिक्खूचे वस्त्र. वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एके ठिकाणी राहणे. एरवी भिक्खू सतत फिरत असतो, पण पावसात वाटा बंद होतात आणि पायाखाली किडामुंगी, कोवळे अंकुर चिरडले जातात, म्हणून हे तीन महिने मुक्काम. चातुर्मासाची कल्पना ज्यांच्या घरात आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरा शब्द दान. दान म्हणजे भीक नव्हे आणि देवाला लाचही नव्हे. बौद्ध विचारात दान हा मनाचा व्यायाम आहे. 'माझे, माझे' म्हणून घट्ट आवळलेली मूठ उघडायची सवय. त्यातून मनाला जी निर्मळता येते तिला पुण्य म्हणतात. म्हणूनच दान लहान की मोठे याला महत्त्व नाही. आठव्या क्रमांकाचे लेणे मुगुदास नावाच्या कोळ्याने कुटुंबासह दिलेले आहे. राजाच्या जावयाच्या लेण्यापासून ते फारसे दूर नाही.

आजाऱ्यांच्या औषधासाठी

'बौद्ध धर्म सगळे दुःखच आहे असे म्हणतो', हा एक मोठा गैरसमज. तो दूर करायला विष्णुदत्ता नावाच्या बाईंची मदत होते.

या उपासिकेचा, म्हणजे घरसंसारात राहून बुद्धांचा मार्ग आचरणाऱ्या स्त्रीचा, लेख दहाव्या लेण्याच्या अंगणात आहे. काळ आभीर राजा ईश्वरसेन याच्या राजवटीचे नववे वर्ष. विष्णुदत्ता शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची पत्नी आणि गणपक विश्ववर्म्याची आई. तिनेही कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे गुंतवले. त्यात पाण्याची यंत्रे करणारे होते आणि तेल गाळणारेही होते. व्याज कशासाठी? त्रिरश्मीच्या विहारातल्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. आणि हेतू लिहिला आहे तो सर्व प्राण्यांच्या हिताचा आणि सुखाचा.

आजार, कारण, बरे होण्याची शक्यता आणि औषध. वैद्य याच क्रमाने विचार करतो आणि बुद्धांची चार आर्यसत्ये याच क्रमाने येतात. पहिले, दुःख आहे. यात जन्म, म्हातारपण, आजार, मृत्यू तर आलेच, पण हवे ते न मिळणे, मिळालेले टिकेल की नाही ही धाकधूकही आली. दुसरे, समुदय, म्हणजे दुःखाचे कारण. ते आहे तृष्णा, मनाची न शमणारी तहान. तिसरे, निरोध. कारण दूर झाले की दुःखही दूर होते. चौथे, मार्ग. आजार आहे असे सांगणारा वैद्य निराशावादी नसतो. पुढे औषध आहे म्हणूनच तो आजाराचे नाव घेतो.

ते औषध म्हणजे अष्टांगिक मार्ग - सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाचा, सम्यक कर्म, सम्यक आजीविका, सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी. 'सम्यक' म्हणजे योग्य, तोल सांभाळून केलेले. 'व्यायाम' म्हणजे येथे दंडबैठका नव्हेत, मनाचा प्रयत्न. 'स्मृती' म्हणजे पाठांतर नव्हे, आता या क्षणी आपण काय करतो आहोत याचे भान. या आठांचे तीन गट पडतात - शील, समाधी आणि प्रज्ञा. शील म्हणजे वागणे, समाधी म्हणजे मनाची एकाग्रता आणि प्रज्ञा म्हणजे समज.

गृहस्थासाठी शीलाची सुरुवात पंचशीलापासून होते. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि नशा या पाच गोष्टींपासून दूर राहायचे. त्या देवाच्या आज्ञा नाहीत, माणसाने स्वतः घेतलेले निश्चय आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. मुलगा गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने हे लेणे भिक्खूंना दिले. आपल्या पराक्रमी मुलाचे भरभरून वर्णन तिने तिथे करवून घेतले. स्वतःबद्दल मात्र सत्यवचन, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणारी, एवढेच मोजके गुण सांगितले. ही घराण्याने वैदिक परंपरेतली राणी, आणि तिचे दान बौद्ध भिक्खूंना!

ओसाड गाव आणि वाहती गोदावरी

याच लेण्यात एक सरकारी हुकूम कोरलेला आहे. गौतमीपुत्राने क्षत्रपांचा पराभव केला आणि पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना दिले. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला. ते शेत कोणी कसत नाही, ते गाव ओस पडले आहे, तेव्हा भिक्खूंना दुसरी जमीन द्यावी. नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. राजा गेला, नाण्यावरचा ठसा बदलला, गाव ओस पडले. 'अनित्य' हा शब्द समजायला याहून वेगळे काय हवे? जे जे घडते ते ते बदलते, हाच त्याचा अर्थ.

अनित्याच्या पाठोपाठ येतो 'अनात्म'. येथे बरेच वाचक थबकतात. 'मी नाहीच' असे कसे? सकाळी रामकुंडावर केलेले स्नान आठवावे. हात बुडवला ते पाणी पुढे निघून गेले, दुसरे आले, तरी आपण म्हणतो गोदावरी तीच. पाणी, काठ, उतार, प्रवाह हे सगळे वगळले तर गोदावरी म्हणून वेगळे काही उरते का? तरीही गोदावरी खोटी नाही. माणसाचे तसेच. शरीर, संवेदना, कल्पना, संस्कार आणि जाणीव यांचा एकत्र वाहणारा प्रवाह म्हणजे 'मी'. त्याच्या आत न बदलणारा असा वेगळा गाभा बुद्धांना आढळला नाही.

मग हा प्रवाह चालतो कशावर? त्याचे उत्तर आहे 'प्रतीत्यसमुत्पाद'. शब्द लांबलचक, अर्थ साधा. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने उद्भवते. भिक्खूचे चीवर व्याजावर अवलंबून, व्याज विणकराच्या मागावर, माग कापसावर आणि कापूस पावसावर. कोणतीही गोष्ट एकटी, आपली आपण उभी नाही. कारणे बदलली की फळ बदलते आणि माणूस सुधारू शकतो तो याच कारणाने.

'कर्म' या शब्दाचे आपल्याकडे फार हाल झाले. दूध उतू गेले तरी कपाळावर हात मारून "कर्म माझं!" म्हणायचे. म्हणजे कर्म आणि नशीब एकच होऊन बसले. बुद्धांच्या शिकवणुकीत कर्म म्हणजे हेतुपूर्वक केलेली कृती, मग ती शरीराची असो, वाणीची की मनाची. कपाळी लिहिलेले ते नव्हे. आज हाताने आणि मनाने जे लिहिले जात आहे ते कर्म.

आणि 'निर्वाण'? संस्कृतात त्याचा अर्थ विझणे. पण विझते काय? माणूस नव्हे. लोभ, द्वेष आणि मोह यांची आग विझते. बुद्धांना पस्तिसाव्या वर्षी बोधी मिळाली, त्यानंतर पंचेचाळीस वर्षे ते गावोगाव हिंडून बोलत राहिले. निर्वाण म्हणजे मृत्यू असता तर हे घडले नसते. ऐंशीव्या वर्षी कुशीनगरला त्यांचा देह पडला त्याला महापरिनिर्वाण म्हणतात. ६ डिसेंबर या महापरिनिर्वाण दिनामुळे हा शब्द महाराष्ट्राला चांगलाच परिचयाचा आहे.

मूर्ती आल्या त्याची गोष्ट

विसाव्या लेण्यात गेले की दृश्य बदलते. बोपकी नावाच्या यतीने सुरू केलेले हे लेणे पुष्कळ वर्षे अपुरे पडून होते. यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पूर्ण करून चातुर्दिश संघाला दिले. पुढे काही शतकांनी त्याच्या मागच्या बाजूला गाभारा खोदला गेला. तिथे पाय खाली सोडून बसलेली बुद्धांची भव्य मूर्ती आहे.

मूर्ती आल्या त्या महायान विचाराबरोबर. 'यान' म्हणजे वाहन. महायान म्हणजे मोठे वाहन आणि या पंथाच्या लोकांनी जुन्या पंथांना हीनयान, हलके वाहन म्हटले. कोणी स्वतःला हलके म्हणवून घेत नाही, म्हणून श्रीलंका, म्यानमारकडे जी जुनी परंपरा टिकली तिला आज थेरवाद, म्हणजे थोरांचा मार्ग, असे म्हणतात.

महायानाचा आवडता आदर्श बोधिसत्त्व. बुद्ध होण्याच्या वाटेवर असलेला, पण सर्व प्राण्यांना बरोबर घेऊन जायचे ठरवलेला. दुसऱ्या आणि तेविसाव्या लेण्यांत बुद्धांच्या बाजूला असे बोधिसत्त्व उभे आहेत. हातात कमळ असेल तर तो पद्मपाणी, करुणेचा बोधिसत्त्व.

महायानातलाच अवघड शब्द 'शून्यता'. शाळेत शून्य मिळाले की काहीच मिळाले नाही. येथे तसे नाही. कोणतीही वस्तू स्वयंभू नाही, सगळ्या परस्परांच्या आधाराने आहेत, हे वर पाहिलेच. वस्तूंच्या ठिकाणी नसलेल्या या स्वयंभूपणालाच आचार्य नागार्जुनांनी शून्यता म्हटले. जग नाही असे ते म्हणत नाहीत, एकटे काही नाही असे म्हणतात.

शब्द परत आले

डोंगर उतरताना पुन्हा नाशिक समोर येते. सकाळी पाहिलेले काळाराम मंदिर त्या गर्दीत कुठेतरी आहे. २ मार्च १९३० रोजी त्याच मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्य ठरवलेल्या हजारो स्त्री-पुरुषांनी आत जाण्याचा हक्क मागितला. काही वर्षे लढा चालला, दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

त्या दिवसापासून त्रिशरण, पंचशील, धम्म, विहार हे शब्द महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांत पुन्हा बोलले जाऊ लागले. डोंगरातल्या दगडात ते निजून होते, माणसांच्या तोंडी परत आले. ज्यांना एका दारातून परत पाठवले गेले, त्यांनी चारी दिशांना उघडे असलेले हे दार शोधून काढले. पायथ्याच्या विहारात बुद्धपौर्णिमेला जमणाऱ्या गर्दीत लहान मुलांनाही पंचशील पाठ असते. 'चैत्य म्हणजे काय' हे त्यांना फलक वाचून समजून घ्यावे लागत नाही. २०२३ मध्ये श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची फांदी येथे आणून लावण्यात आली.

महामार्गाने मुंबईकडे निघाले की इगतपुरी लागते. तेथे सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ मध्ये सुरू केलेले धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. विपश्यना म्हणजे नीट, खोलवर पाहणे. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नसते. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर पुढच्यांचा खर्च चालतो. उषवदाताची अक्षयनीवी निराळ्या रूपात अजून चालूच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी नाशिकला गेल्यावर पांडवलेण्यांसाठी 'उरलेला वेळ' ठेवू नये, सकाळच ठेवावी. मुलाने विचारले तर त्याला विसाव्या लेण्यातल्या वासूची, आठव्यातल्या मुगुदास कोळ्याची आणि वीस भिक्खूंच्या बारा नाण्यांची गोष्ट सांगावी. चैत्य, विहार आणि दान हे तीन शब्द त्याला कळले, तर बाकीचे तो स्वतःच शोधील.

कसे जाल?

नाशिकरोड हे जवळचे रेल्वे स्थानक. शहरातून बस, रिक्षा किंवा स्वतःच्या वाहनाने पायथ्यापर्यंत जाता येते. तेथून पायऱ्यांची चढण साधारण वीस मिनिटांची. लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून वर तिकीट घ्यावे लागते. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे. पाण्याची बाटली आणि शिलालेख पाहण्यासाठी लहानसा टॉर्च बरोबर असू द्यावा. अक्षरे दोन हजार वर्षे टिकली आहेत, म्हणून त्यांवर हात फिरवू नये की भिंतीवर आपले नाव कोरू नये.